कायम बरे होणारे गृहस्थ

व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत लंडनला, इझ्लिंग्टन म्हणा, कॅम्बरवेल म्हणा, एकाच साच्यातून काढलेल्या विटांच्या घरांच्या रांगेत दर चार घरांआड एक गृहस्थ राहत असत. दिवसभर सिटीतल्या कुठल्या तरी कचेरीत खर्डेघाशी आणि उरलेल्या वेळात प्रकृती. आजारी माणसं जगात पैशाला पासरी. या गृहस्थांचं वैशिष्ट्य असं की ते सतत बरे होत असत. हॉलोवेच्या गोळ्यांनी ते पूर्ण बरे झाले, मग बीचमच्या गोळ्यांनी त्याहून पूर्ण बरे झाले आणि ईनोच्या फ्रूट सॉल्टने काय गुण आला ते तर विचारूच नका. इतक्या वेळा ठणठणीत झालेला माणूस इतका कण्हतो कसा, हा प्रश्न घरात फक्त बायकोला पडे.

त्यांना डॉक्टरांचा तिटकारा होता, आणि त्यात त्यांचं फारसं चुकत नव्हतं. डॉक्टर जीभ बघणार, "कमी खा, पायी चाला" म्हणणार आणि वर फी मागणार. जाहिरातीचं तसं नव्हतं. सकाळी उठल्यावर अंग मोडून येतं का? जेवणानंतर जडपणा वाटतो का? कामावर मन लागत नाही का? गृहस्थांच्या डोळ्यांत पाणीच यायचं. कचेरीत कुणाचं मन लागतं हा मुद्दा अलाहिदा. पण आजवर इतक्या आपुलकीने चौकशी केली होती कुणी? १८८९ साली जेरोम के. जेरोमने आपल्या नावेतल्या तिघांच्या पुस्तकाची सुरुवातच यकृताच्या गोळ्यांचं पत्रक वाचून घाबरलेल्या माणसापासून केली, तेव्हा सगळं इंग्लंड खदखदून हसलं. गृहस्थही हसले. फक्त हसताना त्यांनी उजवी बरगडी चाचपून पाहिली.

या दुखण्यांचा जनक थॉमस हॉलोवे. १८३७ मध्ये, राणी गादीवर बसली त्याच वर्षी, त्याने मलम काढलं, पाठोपाठ गोळ्या. मलम बाहेरून, गोळ्या आतून, म्हणजे मधे रोगाला पळायला वाट नाही. आरंभी वर्तमानपत्रांची जाहिरातींची बिलं थकून बिचारा कर्जबुडव्यांच्या तुरुंगात जाऊन आला. दुसरा कुणी असता तर त्याने जाहिराती बंद केल्या असत्या. हॉलोवेने वाढवल्या. अखेरीस तो वर्षाला सुमारे ५०,००० पौंड जाहिरातींवर उधळत होता आणि तरीही उरलेल्या पैशाचं काय करावं हा त्याला प्रश्नच होता. मग त्याने मुलींसाठी एक राजवाड्यासारखं कॉलेज बांधलं. १८८६ मध्ये राणीने स्वतः त्याचं उद्घाटन केलं. आपल्या गृहस्थांचं यकृत सुधारलं की नाही सांगता येत नाही. इंग्लंडातलं स्त्रीशिक्षण मात्र त्याच्यामुळे थोडं सुधारलं.

लहानपणी मेंढरं राखलेला थॉमस बीचम त्याहून बेरकी. त्याच्या डबीवर १८५९ पासून ब्रीद एकच: डबी एका गिनीच्या मोलाची. किंमत एक शिलिंग दीड पेनी. गृहस्थ जात्याच कारकून. गिनीचे एकवीस शिलिंग, त्यातून डबीची किंमत वजा जाता प्रत्येक डबीमागे एकोणीस शिलिंग साडेदहा पेन्सचा निव्वळ फायदा, असा हिशेब ते बायकोला मांडून दाखवत. (पुढे याच गोळ्यांच्या पैशावर बीचमच्या नातवाने लंडनला ऑपेरा उभे केले. गाणं ऐकताना पोटाचा विचार न करणं हे रसिकाचं काम.)

त्या दीड पेनीचीही गंमत आहे. अशा औषधांवर सरकारी कर होता, १७८३ पासून; ती दीड पेनी त्या कराची. कराचं तिकीट डबीवर चिकटवलेलं असे आणि औषधवाले छातीठोकपणे छापत, की सरकारी तिकीट बघून घ्या, नक्कल टाळा. गृहस्थांनी त्यावरून काढायचा तो निष्कर्ष काढला: राणीसरकारने गोळी चाखून पाहिली आणि मगच शिक्का मारला. पुढे सरकारला लाज वाटून तिकिटावरच छापावं लागलं, की ही सरकारची हमी नव्हे. ते अक्षर फार बारीक होतं आणि गृहस्थांची नजर, डोळ्यांच्या थेंबांनी पूर्ण सुधारूनही, जरा अधूच होती. बाकी या औषधांना पेटंट म्हणत खरं, पण बहुतेकांनी पेटंट घेतलेलंच नव्हतं. घ्यायचं तर आत काय आहे ते सांगावं लागलं असतं!

गृहस्थांच्या आयुष्यातली महत्त्वाकांक्षा मात्र वेगळी होती. त्यांना प्रशस्तिपत्र लिहायचं होतं. "महाशय, अकरा वर्षं मी अंथरुणाला खिळून होतो" अशी त्यांची एक सुरुवात तयार होती. त्या अकरा वर्षांत ते एकदाही कचेरीत उशिरा पोचले नव्हते हा तपशील ते गाळत. पत्रं ते मन लावून लिहीत, दोनदा खर्डा करून. कंपनी त्यातलं एखादं छापी आणि मग रविवारी चर्चबाहेर गृहस्थ ते कात्रण खिशातून असं काढत, जणू चुकून हाताला लागलं.

दारूला ते शिवत नसत. तशी शपथच घेतली होती. शक्तीसाठी फक्त मारियानीची वाइन, जेवणापूर्वी आणि जेवणानंतर. बोर्दोच्या वाइनमध्ये कोकाची पानं मुरवलेली. त्याच पानांतून कोकेन निघतं. तेराव्या लिओ पोपने या वाइनला सुवर्णपदक दिलं होतं आणि पोपची तसबीर जाहिरातीत झळकत होती. गृहस्थ कट्टर प्रॉटेस्टंट. पण धर्म आत्म्यापुरता, अशक्तपणाला तो लागू नाही. चमचाभर घेतल्यावर त्यांना जी तरतरी येई तिचं सगळं श्रेय ते आपल्या निर्व्यसनीपणाला देत.

इथवर हसायला हरकत नाही. पण गृहस्थांच्या घरात पाळणाही असे, आणि रडणाऱ्या बाळासाठी गॉडफ्रेज कॉर्डियल. मूल झोपे, कारण त्यात अफू होती. काही मुलं उठली नाहीत. १८६८ मध्ये विषारी औषधांच्या विक्रीवर कायदा आला आणि त्याने या पेटंट औषधांना चक्क मोकळं सोडलं. त्या संसदेला मी तरी गृहस्थांइतक्या सहज माफ करणार नाही. गृहस्थांना निदान शुद्ध हेतू होता.

आपला या औषधांच्या कपाटाशी संबंध दुरून का होईना, आहे. जुलाब-पटकीवरचं ते प्रसिद्ध क्लोरोडाइन काढणारा कॉलिस ब्राउन हा हिंदुस्थानातल्या फौजेचा डॉक्टर. अफू, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म एका बाटलीत. यातल्या पहिल्या दोन वस्तू आमच्या बैराग्यांना तिकिटाशिवायच ठाऊक होत्या. आणि १८५१ मध्ये नॉटिंगहॅमच्या वुडवर्डने काढलेलं ग्राइप वॉटर आपल्या कित्येक घरांत बाळगुटीच्या सहाणेशेजारी येऊन बसलं. त्याच्या जुन्या कृतीत थोडं मद्यही असे, हे आजीच्या कानावर कुणी घातलं नाही.

मग १९०९ साली ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेने या गुप्त औषधांचं पृथक्करण करून पुस्तकच काढलं. बीचमच्या गोळीत निघालं काय, तर काळा बोळ, सुंठ आणि साबण! छप्पन गोळ्यांचा माल अर्ध्या फार्दिंगचा, म्हणजे पेनीच्या आठव्या हिश्शाचा. जाहिरातींवर पोसलेल्या अनेक वर्तमानपत्रांनी या पुस्तकाची जाहिरात घ्यायला नकार दिला. किंमत एक शिलिंग, म्हणजे गोळ्यांच्या डबीपेक्षा दीड पेनी स्वस्त.

गृहस्थ आता म्हातारे झाले होते. इतक्या वेळा मरता मरता वाचलेल्या माणसाला दीर्घायुष्य लाभतंच. त्यांनी ते पुस्तक विकत आणलं, चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. आपण आजवर न घेतलेल्या औषधांपुढे पेन्सिलीने खुणा केल्या आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक काखेत मारून औषधांच्या दुकानात शिरले.

"यातलं काय काय आहे तुमच्याकडे?"