नानांचा षष्ट्यंश

सदाशिव पेठेतल्या वाड्याचे वाटे पडत पडत नानांकडे दीड खोली आली. त्याहून बारीक वाटणी करायला वाड्यात काही उरलं नाही, म्हणून नाना राशींकडे वळले.

"तूळ रास" म्हणून तुम्ही गप्प बसलात, तर नाना चष्मा कपाळावर चढवतात. "अहो, तुळेचे 30 अंश आहेत. पुण्यात राहतो म्हणाल, तर कोथरूड की कसबा हे सांगाल की नाही?"

मग वाटप सुरू होतं. राशीचे 9 भाग केले की नवांश, प्रत्येकी 3 अंश 20 कलांचा. त्यात बायको बघायची. मुलं सप्तमांशात, नोकरी दशांशात, आईवडील द्वादशांशात. एका कुटुंबाला इतक्या खोल्या वाड्याच्या भरभराटीच्या काळातही नव्हत्या.

माझ्या भाच्याचं लग्न नानांनी मार्चमध्ये नक्की केलं होतं. मार्च कोरडा गेला. "नवांश बघायचा राहिला." दिवाळीही तशीच गेली. "आता षष्ट्यंशच काढतो." म्हणजे राशीचे 60 तुकडे, अर्ध्या-अर्ध्या अंशाचे! ज्योतिषात 'लग्न' म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवत असलेली रास. ते साधारण 4 मिनिटांत एक अंश सरकतं, म्हणजे षष्ट्यंश दर दोन मिनिटांनी बदलणार. "नर्सनं घड्याळ बघायला दोन मिनिटं लावली, तिथंच मुलाचं नशीब बदललं!" भाच्याला हवं होतं ते दुसरं लग्न. ते त्यानं ऑफिसात परस्पर जमवलं. नाना पंगतीत जिलबी मोडत म्हणाले, "षष्ट्यंशात होतंच हे."

2008 साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषांची चाचणी घेतली होती. पत्रिकेवरून मूल हुशार की मतिमंद, एवढंच सांगायचं. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिका तपासल्या आणि सरासरी 46 टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती. हे नानांना ऐकवलं, तर ते जराही हलले नाहीत. "जन्मवेळेचे सेकंद दिले होते का?"

नानांचं भाकीत चुकत नाही, ते असं. चुकतो तो तुकडा, आणि त्याहून बारीक तुकडा नानांच्या खिशात कायम असतो.

परवा मी सहज विचारलं, "नाना, तुमची स्वतःची जन्मवेळ?"

नानांनी चहाचा कप खाली ठेवला. "आई सांगायची, गवळी आला तेव्हा."

"म्हणजे पहाटे."

"पहाटच. पण त्या दिवशी गवळी वेळेवर आला होता का, हा खरा प्रश्न आहे." फळीवरचं जुनं पंचांग काढून त्यांनी फुंकर मारली. धूळ माझ्या चहात बसली. "त्याच्या घरचं कुणी भेटलं, तर विचार रे. त्याची पत्रिका मिळाली तर बरं होईल."