पेटीवाल्याला दुर्बीण कशाला?

"पेटी वाजवतोस ना? मग दुर्बीण कशाला?" हा प्रश्न आपल्याकडे काळजीच्या सुरात विचारला जातो. विचारणारे काका असतात, मामा असतात, कधी खुद्द गुरुजीही असतात. त्यामागचा हिशेब साधा आहे. पोराच्या हातात पैसे थोडे, वेळ थोडा, आणि नाव करायचंय संगीतात. तेव्हा बाकीचं सगळं बंद.

मला हा हिशेब साफ चुकलेला वाटतो. तंगीतल्या कलाकाराला त्याचा दुसरा छंद बुडवत नाही. त्याला बुडवते वेळेवर न मिळणारी बिदागी, आणि त्याखालोखाल छंदाच्या नावावर घरात आलेलं सामान. यातल्या पहिल्या गोष्टीबद्दल काका-मामा कधी बोलत नाहीत, कारण ते स्वतःच सोसायटीच्या दिवाळी पहाटेच्या समितीवर असतात.

पंचविशीतल्या एखाद्या तबलजीचं वर्ष डोळ्यांपुढे आणा. गणपतीत कामं सुरू होतात. मग नवरात्र, दिवाळी पहाट, थंडीतले महोत्सव, लग्नसराई. मार्च उलटला की फोन थंडावतो. मे महिन्यात शिकवणीची मुलं गावाला जातात आणि फी थांबते. आषाढात गुरुपौर्णिमेचे कार्यक्रम एकापाठोपाठ एक असतात, पण तिथे वाजवायचं ते सेवा म्हणून. आणि नेमक्या त्याच दमट हवेत तबल्याचं कातडं सैल पडतं, स्वर उतरतो, पुडी बदलायची वेळ येते. कमाई हिवाळ्यात आणि खर्च पावसाळ्यात, असं हे वर्ष.

म्हणून 'महिन्याचं बजेट मांड' हा पगारदारांचा सल्ला त्याच्या उपयोगाचा नाही. त्याला सबंध वर्षाचं मांडावं लागतं. दिवाळीत हातात आलेल्या पैशातून आधी जून-जुलैचं खोलीभाडं बाजूला, मग वाद्याची दुरुस्ती, मग प्रवास. आणि त्याच बैठकीत छंदासाठी एक लहानशी रक्कम, महिन्याला दोनशे-तीनशे का होईना, पण ठरलेली. उरलं तर बघू म्हटलं की कधीच उरत नाही. आणि न उरलेल्या वर्षांची दशकं होतात.

आता सामानाकडे. या पिढीतल्या पुष्कळ मुलांच्या खोल्या मी पाहिल्या आहेत. दोन माइक, एक इंटरफेस, रिंगलाइट, हप्त्यांवर घेतलेला कॅमेरा, आणि डग्ग्याची पुडी जायला आलेली. रविवारच्या सायकलिंगसाठी तबल्याच्या जोडीपेक्षा महाग सायकल. फोटो काढायला लागून महिना झालेला नसतो आणि दुसऱ्या लेन्सची चौकशी सुरू होते. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही, तो त्याचं काम चोख करतो. पण यातल्या कशालाही छंद म्हणू नका. ही खरेदी आहे, आणि ती संगीताच्या वाट्याचे पैसे खाते.

पैसा कुठे घालावा आणि कुठे घालू नये, याचं एक उदाहरण संगीतातच आहे. १९७९ साली बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. आता तर फोनवर तानपुरा फुकट वाजतो. प्रवासात, भाड्याच्या खोलीत, पहाटे शेजारी झोपलेले असताना तो उत्तम सोबती आहे, आणि त्याला नाकं मुरडणाऱ्यांनी त्या मुलांच्या खोलीचं माप घेऊन यावं. पण मिरजेच्या कारागिराने जवारी लावून दिलेला तानपुरा मांडीशी घेऊन बसल्यावर कानाला जे कळतं, ते स्पीकरमधून कळत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गाणाऱ्याने पैसे साठवावेत ते त्यासाठी. तिसऱ्या माइकसाठी नव्हे.

'दुसरीकडे लक्ष गेलं की गाणं पातळ होतं' हा आणखी एक ठेवणीतला आक्षेप. डॉ. वसंतराव देशपांडे लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं कारकुनी करत होते. 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं १९६७ साली, तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. रामदास कामत एअर इंडियात नोकरी करून नाट्यपदं गात राहिले. वामनराव देशपांडे चार्टर्ड अकाउंटंट होते, आणि 'घरंदाज गायकी' हे आजही हाताशी लागणारं पुस्तक त्यांनी लिहिलं. या नोकऱ्या होत्या, छंद नव्हते, हे मान्य. पण दिवसाचे सात-आठ तास आकडे मांडूनही ज्यांचं गाणं पातळ झालं नाही, त्यांच्यापुढे आठवड्यातून एक रात्र तारे बघणाऱ्या पेटीवाल्याची चिंता कसली करता?

पंडित भीमसेन जोशींना मोटारींचं वेड होतं. लांबलांबच्या मैफलींना ते स्वतः गाडी हाकत जायचे. तो आपण कौतुकाने सांगायचा किस्सा केला. मोठ्या माणसाचा छंद किस्सा होतो आणि धडपडणाऱ्याची मात्र उधळपट्टी ठरते. हा पंक्तिप्रपंच मला मुळीच मान्य नाही.

थोड्या पैशात संगीत आणि छंद दोन्ही कसं सांभाळावं, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण दूरचं आहे, अमेरिकेतलं. जॉन केज नावाचे संगीतकार. १९५२ साली त्यांनी एक रचना सादर केली. त्यात वादक चार मिनिटं तेहेतीस सेकंद वाद्याला हातच लावत नाही, आणि श्रोते सभागृहातले आवाज ऐकतात. नाव झालं, वाद झाला. पैसा झाला नाही. १९५४ मध्ये केज न्यूयॉर्क शहर सोडून उत्तरेला स्टोनी पॉइंट इथल्या कलावंतांच्या वसाहतीत राहायला गेले. भोवती जंगल होतं. त्या जंगलात ते अळंबी शोधत फिरायला लागले.

खर्च किती असेल? टोपली, बूट, एक-दोन पुस्तकं. पण त्यात ते असे बुडाले की कोणती अळंबी खायची, कोणती टाळायची, कोणाचे बीजाणू कुठल्या रंगाचे, हे सगळं त्यांनी पक्कं केलं. १९५९ साली ते कामानिमित्त इटलीत, मिलानला होते. तिथल्या टीव्हीवर एक लोकप्रिय प्रश्नमंजूषा चालायची. त्यात भाग घेणारा आपला विषय निवडायचा. केजनी अळंबी निवडली. शेवटच्या फेरीत पांढऱ्या बीजाणूंच्या अळंब्यांची नावं विचारली गेली. केजनी सगळी सांगितली, तीही वर्णानुक्रमाने. बक्षीस होतं पन्नास लाख लिरा. त्या पैशातून त्यांनी घरी स्टाइनवे पियानो आणला आणि मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्यमंडळाला दौऱ्यांसाठी फोक्सवॅगनची गाडी घेतली. तीन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये अळंबी अभ्यासकांची संस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांत केज होते.

ही गोष्ट ऐकून कुणी लगेच म्हणेल, बघा, छंदातून पैसा! मी ती त्यासाठी सांगितलेली नाही. बक्षीस एकदाच मिळालं. त्याआधीची पाच वर्षं केज जंगलात फिरत होते तेव्हा समोर कुठलंच बक्षीस नव्हतं. आपल्याकडे मुलाने पक्षी बघायला सुरुवात केली की महिन्याभरात 'चॅनल काढ ना' सुरू होतं. ज्याचं मुख्य काम लोकांसमोर बसून पसंतीस उतरण्याचं आहे, त्याला आयुष्यात एक तरी अशी जागा हवी जिथे कुणी दाद देत नाही आणि कुणी नावंही ठेवत नाही. तीही विकायला लावू नका.

केजकडून उचलण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. जिथे राहत होते तिथे पायाखाली जे होतं, तेच त्यांनी धरलं. पुण्यातल्या पेटीवाल्याच्या पायाखाली काय कमी आहे? १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था टिळक स्मारक मंदिराच्या आवारात आहे. ज्या वास्तूत नाटकं आणि मैफली होतात, तिथेच आकाश शिकवणारी माणसं भेटतात. दुर्बीण विकत घ्यायची गरजच नाही, संस्थेच्या दुर्बिणीतून बघा, नक्षत्रं तर नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतात. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे. वाचनाचा नाद असलेल्या गायिकेला पुस्तकांचं कपाट भरायची गरज नाही, वर्गणी भरली की झालं. तळजाईच्या टेकडीवर पक्षी बघायला तिकीट नाही. मुंबईत, नाशकात, पणजीत राहणाऱ्याने आपापला पत्ता शोधावा. सापडतो.

निवड करताना मात्र शरीराला विचारा. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. तबलजीने सीझन बॉलचं क्रिकेट खेळू नये. झेल घेताना करंगळी दुखावली तर अख्खा हंगाम जातो, आणि त्याला आजारपणाची पगारी रजा कुणी देत नाही. दोर लावून कडे चढणं पेटीवाल्याला आणि सतारियाला महागात पडू शकतं. गाणाऱ्याने ट्रेकला जरूर जावं, पण गडावर पोचल्यावर आरोळ्या ठोकणाऱ्यांपासून लांब बसावं, सोमवारी गळा लागतो. आणि या सगळ्यांचा मूळ आजार एकच: तासन् तास मांडी घालून बसणं. कंबर धरते, गुडघे धरतात. त्यांना चालायला लावणारा कुठलाही छंद डॉक्टरच्या बिलातून आपले पैसे वसूल करून देतो. तुटपुंज्या मिळकतीत हा हिशेब पहिल्या ओळीत मांडायला हवा.

मुलींचं दुखणं निराळं. मुलगी गात असेल तर तिचं गाणंच छंद धरलं जातं, विशारद झाली, बास झालं. तिने त्यावर पोट चालवायचं ठरवलं की भुवया उंचावतात, आणि त्याउप्पर रविवारी ट्रेकला निघाली की घरात थेट विचारतात, घरचं कोण बघणार? तिच्याकडे पैसे कमी असतातच. त्याहून कमी असतो तो विनापरवानगीचा वेळ. एखाद्या भावाने रविवारचा स्वयंपाक अंगावर घेतला तर तिला कुठल्याही शिष्यवृत्तीपेक्षा जास्त मिळेल.

राहता राहिले आयोजक. दिवाळी पहाटेचा मंडप बघा. रंगमंचावर झेंडूच्या माळा, एलईडीचा पडदा, दारात नगरसेवकांच्या तसबिरींचा फलक, श्रोत्यांना फराळाचे डबे. फुलवाला, मंडपवाला, साउंडवाला यांचे दर ठरलेले आणि आगाऊ रक्कम पोचलेली. घासाघीस होते ती साथीदारांशी. 'मोठा कार्यक्रम आहे, तुझं नाव होईल' हे वाक्य पहाटे साडेतीनला उठून पेटी रिक्षात घालून आलेल्या माणसाला ऐकवलं जातं. पाकीट मिळतं तेही पुढच्या महिन्यात, चार फोन केल्यावर. तोवर त्याने उसने घेतलेले असतात. त्या मुलाने दुर्बिणीतून शनीची कडी बघितली तर त्याला एकाग्रतेचा उपदेश करायचा हक्क या समित्यांना नाही.

हंगामाच्या बैठका गणपतीनंतर लगेच बसतात. समितीत असाल तर एवढं करा. साथीदारांची रक्कम कार्यक्रमपत्रिका छापायला जाण्याआधी ठरवा, ती कागदावर लिहा, प्रवासखर्च वेगळा धरा. भैरवी झाली की वाद्यांना गवसण्या चढायच्या आत पैसे त्यांच्या खात्यात पाठवा. रक्कम कमी पडत असेल तर एलईडीचा पडदा काढून टाका.