बिनतारी रसिक

महाराष्ट्राच्या शहरी मध्यमवर्गात गाणारे, गाणे शिकून सोडून दिलेले, गाण्याला जाणारे आणि गाण्याला गेलो होतो असे सांगणारे हे संगीतप्रेमींचे चार प्रकार जुने असून त्यांच्याविषयी विपुल लेखन झालेले आहे. परंतु गाणे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणारा पाचवा प्रकार तुलनेने अर्वाचीन असल्यामुळे अभ्यासकांचे त्याच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. या प्रकारातील गृहस्थ बहुधा कोथरूड, विलेपार्ले किंवा डोंबिवली येथील सदनिकेत राहतो, एखाद्या कारखान्यातून अभियंता म्हणून किंवा बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालेला असतो, आणि त्याचे सारे संगीत आतल्या खोलीतील संगणकात, तर ॲम्प्लिफायर व स्पीकर बाहेरच्या खोलीत असतात. या दोहोंमधील तीसेक फुटांचे अंतर वायर न ओढता पार करणे हे त्याने उत्तरायुष्याचे कार्य मानलेले असते. संगणकच उचलून बाहेर आणून ठेवला तर काय बिघडेल, असा प्रश्न घरातून अधूनमधून निघतो. पण तो विचारणाऱ्याला संगीतातले काही कळत नाही, असे त्याचे ठाम मत असते.

या प्रकाराची बीजे १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत सापडतात. सीडीवर आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून तिचे आकडे नोंदवलेले असतात, आणि आकडे म्हटले की ते संगणकात उतरवता येणारच. मात्र हे आकडे सेकंदाला सुमारे चौदा लाख बिट इतके भरत असल्याने, कानाला एरवी जे जाणवणार नाही ते गाळून फाइल लहान करणारी एमपी३ ही पद्धत लोकप्रिय झाली आणि आपल्या गृहस्थानेही नव्वदीच्या अखेरीस घरातील यच्चयावत सीड्यांचे एमपी३ करून ठेवले. पुढे २००१ साली फ्लॅक ही काहीही न गाळता फाइल आटोपशीर करणारी पद्धत आली, तेव्हा आपल्या हातून काय घडले याची त्याला जाणीव झाली आणि प्रायश्चित्त म्हणून त्याने त्याच सीड्या पहिल्यापासून पुन्हा संगणकात घातल्या. २००४ साली ॲपल कंपनीने भिंतीतल्या प्लगात बसणारी एक लहानशी पांढरी डबी विकायला काढली. संगणकाकडून वाय-फायवर आलेले संगीत ती घेई आणि दुसऱ्या बाजूने साध्या पिनेवाटे ॲम्प्लिफायरला देई. ती डबी घरी आली त्या दिवसापासून हा मनुष्य पूर्वीसारखा राहिला नाही.

बिनतारी या विशेषणाने वाचकाने फसू नये. राउटर आणि त्याचा अडॅप्टर, हार्ड डिस्कची पेटी आणि तिचा अडॅप्टर, वाय-फायवरून फाइल उतरवून घेणारा स्ट्रीमर आणि त्याचा अडॅप्टर, आकड्यांची पुन्हा विजेची लहर करणारे डॅक नावाचे यंत्र, त्यातून ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या लाल-पांढऱ्या वायरींची जोडी, आणि या सर्वांना पोसणारे दोन एक्स्टेंशन बोर्ड इतका संसार शोकेसच्या मागे नांदत असतो आणि तेथे केर काढण्यास घरातील सर्वांना मनाई असते. पूर्वीच्या रेकॉर्ड प्लेअरला याच्या एकपंचमांश वायरी होत्या, पण तो बिनतारी नव्हता.

रविवारी सकाळी काही निवडक मंडळी ऐकण्यासाठी बोलावली जातात, पोहे होतात, आणि पडद्यावर ‘डिव्हाइस नॉट फाउंड’ अशी अक्षरे उमटतात. हिंदुस्तानी संगीताच्या श्रोत्याला तंबोरे जुळेपर्यंत थांबण्याची पिढीजात सवय असल्यामुळे राउटर बंद करून पुन्हा चालू करण्यात जाणारा अर्धा तास तो त्याच शांतपणे सोसतो. किंबहुना दिवे एकदाचे हिरवे झाले की दोघे-तिघे दादही देतात. अडचण फारच वाढली तर अमेरिकेतील मुलाला फोन जातो आणि तेथील मध्यरात्रीच्या सुमारास तो म्हणतो, “बाबा, सगळं बंद करा, तीस सेकंद थांबा, आणि आधी राउटर लावा.” हा उपाय बाबांनी दोनदा केलेला असतो, पण मुलाने सांगितल्यावर तो लागू पडतो.

यानंतर जे वाजते ते गाणे नव्हे, तर तंबोरा. तंबोऱ्याच्या जवारीत एका स्वरातून इतके उपस्वर फुटत असतात की गाळणाऱ्या पद्धतीची परीक्षा पाहण्यास त्यासारखे दुसरे वाद्य नाही, हे त्याचे म्हणणे योग्यच आहे. एमपी३ घडवणाऱ्या कार्लहाइन्त्स ब्रॅण्डेनबुर्ग या जर्मन संशोधकाने सुझॅन व्हेगा हिचे वाद्यांच्या साथीविना गायलेले ‘टॉम्स डायनर’ हे गाणे कसोटीसाठी वापरले होते. त्यांच्या हाती मिरजेचा तंबोरा पडला असता तर एमपी३ प्रयोगशाळेबाहेर आलीच नसती, असे हा गृहस्थ सांगतो. एमपी३च्या प्रत्येक फाइलीच्या आरंभी व शेवटी क्षणभर रिकामी जागा राहते, त्यामुळे विलंबित संपून द्रुत सुरू होताना अखंड चाललेला तंबोरा मध्येच गचका खातो. फ्लॅकमध्ये तसे होत नाही. हे दाखवण्यासाठी तो जोड तेवढा वाजवतो, पुन्हा वाजवतो, मग तोच एमपी३मध्ये वाजवतो. मल्लिकार्जुन मन्सूर सम गाठणार तोच मेहफिलीचा हेतू सिद्ध झालेला असल्याने आवाज बंद केला जातो आणि विचारणा होते, “फरक कळला?” कळला नाही असे म्हणण्याचे धैर्य पोहे खाल्लेल्या माणसात नसते.

वाढत्या वयाचे आणि वाढत्या आकड्यांचे या प्रकारात दिसणारे नाते शास्त्रज्ञांनी तपासावे असे आहे. जितक्या वारंवारितेपर्यंतचा आवाज टिपायचा तिच्या किमान दुप्पट वेगाने मोजमाप करावे लागते. तरुण, निरोगी कानाची मर्यादा सेकंदाला सुमारे वीस हजार कंपने असल्याने सीडीची ४४,१०० मोजमापे त्याला पुरतात. साठी उलटलेल्या बहुतेकांना बारा-तेरा हजारांच्या पलीकडचे फारसे ऐकू येत नाही. असे असता आपला गृहस्थ पन्नाशीत ९६,००० वर आणि साठीनंतर १,९२,००० वर गेलेला असतो, ज्यातून ९६,००० कंपनांपर्यंतचा आवाज हाती येऊ शकतो आणि त्याचा आस्वाद घेण्यास पात्र असा परिसरातील एकमेव श्रोता म्हणजे संध्याकाळी आवारात फिरणारे कीटकभक्षी वटवाघूळ होय. १९३७ साली निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्याही तो याच वेगाने उतरवलेल्या मिळवतो. त्यांतील सुईची खरखर आता अत्यंत स्वच्छ ऐकू येते.

संग्रहाची सूची हा त्याच्या आयुष्यातील खरा तपश्चर्येचा भाग आहे, आणि येथे त्याच्याविषयी सहानुभूती बाळगणे भाग आहे. ही सूची ठेवणाऱ्या प्रणाली पाश्चात्त्य गाणी डोळ्यांपुढे ठेवून रचलेल्या असल्याने त्यांत गायक, अल्बम आणि संगीतकार यांना घरे आहेत, पण राग, ताल, बंदिश आणि तबल्याच्या साथीदारास कोठेही जागा नाही. नावे रोमन लिपीत लिहिताना प्रत्येक कंपनीने आपापले वर्णलेखन योजल्यामुळे भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी आणि टिंबासह पं. भीमसेन जोशी हे संगणकाच्या लेखी तीन स्वतंत्र गवई ठरतात, ज्यांचे घराणे एक असावे अशी शंकाही त्याला येत नाही. एक अख्खा पावसाळा खर्चून गृहस्थ त्यांचे विलीनीकरण करतो. तरीही ज्या फाइलींवर काहीच लिहिलेले नाही त्या ‘अननोन आर्टिस्ट’ या नावाखाली जमा होत राहतात आणि संग्रहातील सर्वाधिक ध्वनिमुद्रणे या बहुआयामी कलावंताची असतात. त्याच्या नावावर किशोरीताईंचा भूप आहे आणि पुतण्याच्या मुंजीतील मंगलाष्टकेही.

इमारतीतील शेजारी हा त्याचा स्वाभाविक शत्रू होय. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे वाय-फायचे मार्ग तीनच, म्हणजे एक, सहा आणि अकरा, आणि चाळीस सदनिकांचे चाळीस राउटर त्यांतच दाटी करून असतात. शिवाय स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात काम करतो, त्यामुळे आमटी गरम होत असताना द्रुत लय तुटते. यावर उपाय म्हणून गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांत, तो मजलावार मार्गवाटपाचा ठराव मांडतो. पाण्याच्या टाकीच्या गळतीवर दीड तास बोललेली सभा हा ठराव समजून न घेता फेटाळते. १९७७ साली पाठवलेल्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि त्या यानांचा जेमतेम तेवीस वॅटचा प्रक्षेपक अब्जावधी किलोमीटरवरून पृथ्वीशी बोलू शकतो, हे त्याने सभेत सांगितलेले इतिवृत्तात येत नाही.

ब्लूटूथवर ऐकणाऱ्याशी त्याचा संबंध चहापुरता असतो, कारण ब्लूटूथ संगीत पाठवण्यापूर्वी सहसा ते पुन्हा दाबून लहान करते, तर वाय-फाय मूळ आकडे जसेच्या तसे पोचवू शकते. दुर्दैवाने एखाद्या रविवारी घरात भाचा असतो, तो “मामा, लावू का?” एवढे विचारून फोनवरून खिशातल्या डबीएवढ्या स्पीकरवर केसरबाई लावतो, आणि मंडळी सकाळपासूनचे पहिले गाणे आरंभापासून अखेरपर्यंत ऐकतात. मामा त्या वेळी राउटरपाशी असतात. तेथूनच ते मधल्या पट्टीत आवाज घुसमटत असल्याचे कळवतात.

अनेक वर्षांच्या प्रयोगानंतर या प्रकारातील बहुतेक व्यक्ती एका निष्कर्षाला येतात: संगणकापासून स्ट्रीमरपर्यंत इथरनेटची वायर टाकावी. ती भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून नेली जाते, गाणे खंड न पडता वाजू लागते, आणि घरात आठवडाभर समाधान नांदते. इथरनेटवरून जाणारे प्रत्येक पाकीट पोचल्यावर तपासले जाते आणि बिघडलेले पाकीट सहसा पुन्हा मागवले जाते, त्यामुळे वायर टापकीर गल्लीतली आहे की परदेशातली याने आकड्यांत काही फरक पडत नाही. हे त्याला पूर्ण ठाऊक असते, नोकरीत असताना त्याने ते नवोदितांना शिकवलेलेही असते. आठव्या दिवशी तो परदेशातून चांदीचा मुलामा दिलेली वायर मागवतो. तिच्यावर दिशा दाखवणारा बाण छापलेला असतो. या वायरीतून आकडे दोन्ही बाजूंनी धावत असतात, पण तो शिडीवर चढून बाणाचे टोक ॲम्प्लिफायरकडे आहे ना, हे विजेरीने दोनदा पाहून घेतो.