उमेदवारी गाऱ्हाण्याचे शास्त्र

मालवणच्या किनारपट्टीवर निवडणूक लढवू इच्छिणाऱ्या नवशिक्या उमेदवाराने वक्तृत्वासाठी परदेशी ग्रंथ धुंडाळण्याचे कारण नाही, कारण भावनिक आवाहनाचा सिद्ध नमुना त्याच्या गावच्या देवळातच उपलब्ध असतो. गाऱ्हाणे म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे मोठ्याने मांडलेली विनवणी, जिच्या प्रत्येक टप्प्याला जमलेली मंडळी ‘व्हय महाराजा’ म्हणून दुजोरा देतात. उमेदवाराने यात एवढाच किरकोळ फेरफार करावा, की देवाच्या जागी मतदाराला बसवावे आणि मागणे मात्र स्वतःपुरते मागावे. दुजोऱ्याची सवय श्रोत्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रानुसार विभाव, म्हणजे भावना जागवणारे कारण, अनुभाव, म्हणजे ती प्रकट करणारी चिन्हे, आणि व्यभिचारी भाव, म्हणजे येऊन-जाऊन असणारे भाव, यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो. किनाऱ्यावरील सभेत 1664 साली बांधकाम सुरू झालेला सिंधुदुर्ग किल्ला हा आयता विभाव समोरच्या पाण्यात उभा असतो, त्यामुळे उमेदवाराकडे हात उंचावणे, कंठ दाटणे व उपरण्याने डोळे टिपणे एवढेच अनुभाव उरतात. भरताने सांगितलेल्या आठ स्थायीभावांत निष्ठेचा समावेश नाही, ही पक्षांतर करून आलेल्यांच्या दृष्टीने मोठीच सोय म्हटली पाहिजे.

विभाव कोसळला तरी रसहानी होत नाही. मालवणच्याच राजकोट किल्ल्यावर डिसेंबर 2023 मध्ये अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला, तेव्हा एका बाजूने क्षमायाचना आणि दुसऱ्या बाजूने संताप असे दोन्ही रस अल्पावधीत परिपुष्ट झाले, तर गंजलेल्या नट-बोल्टांचा प्रश्न, त्यात कोणताच रस नसल्यामुळे, मागे राहिला. गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयापर्यंत रुग्ण कसा न्यावा हा विषयही असाच नीरस असून तो टाळावा.

उमेदवाराच्या संकेतस्थळावर कौलारू घर, आईचे कृष्णधवल छायाचित्र आणि अनवाणी शाळेत गेल्याचा उल्लेख आवश्यक आहे. उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्राचा दुवा मात्र त्याच पानावर देऊ नये, कारण अनवाणी पाय आणि जमिनीचे सातबारे शेजारी-शेजारी शोभत नाहीत. रापणकरांसोबत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांसोबत, दोर ओढतानाचे छायाचित्र घ्यावे, पण त्यांच्या तक्रारीचा विषय असलेल्या यांत्रिक नौकांच्या पर्ससीन जाळ्यांविषयी मत देऊ नये, कारण तो धंदा करणारेही मतदार असतात. मुंबईत नोकरीला असलेल्या चाकरमान्यांसाठी माडा-पोफळींचे स्वतंत्र पान ठेवून त्यांना गावची आठवण करून द्यावी. ज्या मुंबई-गोवा महामार्गावरून त्यांना गावी यावे लागते, त्याची आठवण त्यांना आपोआप होते.

1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 नुसार धर्माच्या आधारे मत मागणे हे भ्रष्ट आचरण ठरते. म्हणून मत मागूच नये, आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेत निमूटपणे रांगेत उभे राहावे आणि कॅमेरा कोणत्या बाजूला आहे याचे भान तेवढे ठेवावे.

मतदान संपण्यापूर्वीच्या 48 तासांत जाहीर प्रचार बंद असल्याने उमेदवाराला खरे गाऱ्हाणे घालण्यास सवड मिळते. देवाचा कौल, म्हणजे मूर्तीला लावलेली कळी कोणत्या बाजूने पडते यावरून घेतलेला निर्णय, उजवा आल्यास छायाचित्र तात्काळ प्रसारित करावे. डावा आल्यास फेरमोजणीची तरतूद नसल्यामुळे गुरवाला दुसरी कळी लावण्याची विनंती करावी.