हितसंबंध : निल

नांदेड-लातूरकडे नव्याने सहायक प्राध्यापक झालेल्यांनी आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. शोधनिबंधाच्या शेवटी हितसंबंधांची एक ओळ असते. ती आपण लिहायची नसते, डीटीपीवाला लिहितो. कॉलेजसमोरच्या दुकानात तो मागच्या सरांची फाइल उघडतो, नाव बदलतो, शीर्षक बदलतो आणि मान वर न करता विचारतो, "सर, कॉन्फ्लिक्टमध्ये काय टाकू?"

"निल टाक."

झालं. कधी कधी मागच्या सरांचे ऋणनिर्देशही तसेच राहून जातात. त्यांच्या पत्नीचे आभार तुमच्या निबंधात छापून आले, तर तेवढा हितसंबंध मात्र गंभीर धरावा.

आता पैशांचं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिचा फॉर्म मागच्या ३६ महिन्यांचा हिशोब मागतो : मानधन, सल्ल्याचे पैसे, प्रवासखर्च, शेअर, उपकरणं, भेटी. तो वाचून दचकू नये. समजा, तुम्ही सोयाबीनवरच्या कीटकनाशकाची चाचणी घेतली. औषध कंपनीचं, फवारणीची मजुरी कंपनीची, आणि निष्कर्ष निघाला 'अत्यंत परिणामकारक'. यात कसला आलाय हितसंबंध? कंपनीचा माणूस अहमदपूरचा, आपल्या गावाकडचा. ओळखीपोटी दिलं.

ओळखीचं प्रकरण जरा नाजूक आहे. लेखक आणि परीक्षक एकाच संस्थेतले किंवा अलीकडचे सहलेखक असतील, तर परीक्षकानं बाजूला व्हावं, असा जगभरचा संकेत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली झालं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली असे चार जिल्हे. एका विषयाची माणसं ती किती! कुणी कुणाचा गाइड, कुणी व्हायवाचा परीक्षक, कुणी व्याही. नातं नसलेला परीक्षक शोधत सोलापूर ओलांडलं, तरी तिथं कुणाचा तरी साडू निघतो.

खरा हितसंबंध विचारणारा रकाना मात्र फॉर्मात नाहीच : 'या निबंधावर तुमचं प्रमोशन अडलं आहे काय?' यूजीसीच्या २०१० च्या नियमावलीनं एपीआय ही गुणपद्धत आणली, निबंधाला गुण आले आणि गुणांमागे पगार आला. या भुकेवर नियतकालिकं पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये यूजीसीच्या मान्य यादीसाठी विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिकं तपासली. ८८ टक्क्यांवर सुमार निघाली. त्याच वर्षी यूजीसीनं त्या यादीतून ४,३०५ नावं उडवली. मग तिच्या जागी केअर नावाची नवी यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही गेली. आता नियतकालिक पारखायचं काम विद्यापीठांचं आणि प्राध्यापकांचं. म्हणजे वरच्याच गाइडांचं, व्याह्यांचं आणि साडूंचं.

कुणी अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरचं नाव काढून भीती घालेल. त्यानं १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एमएमआर लशीचा संबंध ऑटिझमशी जोडला. लसकंपन्यांवर दावा लावायला निघालेल्या वकिलांकडून आपल्याला पैसे मिळताहेत, हे सांगितलं नाही. २००४ मध्ये ते उघड झालं, २०१० मध्ये निबंध मागे घेतला गेला. दरम्यान कित्येक आईबापांनी मुलांना लस दिली नाही. पण आपण कशाला घाबरायचं? वेकफिल्डला वाचक होते. आपला निबंध छाननी समितीपलीकडे कुणी उघडत नाही, आणि तीही फक्त आयएसएसएन बघते.

एवढं वाचूनही एखाद्याला खरंच लिहायचं असेल, तर त्याचीही सोय आहे. हितसंबंध जाहीर केला, एवढ्यावरून चांगलं नियतकालिक निबंध परत पाठवत नाही. 'औषध आणि मजुरी कंपनीनं दिली. संपादक माझे पीएचडीचे मार्गदर्शक होते.' दोन वाक्यं. डीटीपीवाला पैसे पानावर घेतो, ओळीवर नाही.