स्वल्पविरामाची सुभेदारी

रक्कम सुवाच्य करण्याचा हुकूम म्हणून पायथन या संगणकभाषेस कोलनापुढे एक स्वल्पविराम लिहून दिला की, जमाबंदीपासून वाण्याच्या खतावणीपर्यंत सर्वत्र १,२३,४५,६७८ असे कोटी-लाखांचे टप्पे पाहण्यास सरावलेल्या आपल्या नेत्रांपुढे ती १२,३४५,६७८ असा विलायती ऐवज सादर करते. जावास्क्रिप्ट त्या मानाने दरबारी रीत जाणणारी: मराठीचा परवाना दाखविताच ती टप्पे तर आपले पाडतेच, वर अंकही देवनागरी काढते, मात्र स्वतःच्याच हातचा तो दस्तऐवज पुन्हा तिच्याच दफ्तरी वाचावयास दिला, तर स्वल्पविराम वगळूनसुद्धा ‘हा अंक नव्हे’ असा शेरा मारून मोकळी होते. लाखाची ओळख नसलेली पायथन तेवढी देवनागरी १२३ निमूटपणे वाचते, आणि पोच इंग्रजी अंकांत देते.