सर, माफ करा!

दहावीच्या प्रत्येक बॅचमध्ये एक पश्चात्तापी असतोच. पस्तीस वर्षांनी स्नेहमेळावा भरतो, गुरुजनांना शाल-श्रीफळ देऊन होतं, दिवंगतांसाठी दोन मिनिटं उभं राहून होतं आणि ‘मनोगतं’ सुरू झाली रे झाली की हा कुणी न बोलावता माइककडे निघतो. बॅचनं छापून घेतलेला टी-शर्ट पोटावर ताणून बसलेला.

“सर, आज मला तुमची जाहीर माफी मागायचीय.”

समोर पहिल्या रांगेत पी.टी.चे सर. ऐंशी उलटलेली, कानात यंत्र. एके काळी हेच सर प्रार्थना संपली की रांगांमधून फिरत नखं, बूट, पट्टा, बिल्ला तपासायचे आणि दोषींना बाहेर काढून मैदान पळायला लावायचे.

“सर, शाळेच्या खाकी पँटला मी शिंप्याकडून चोरून चार चुण्या घालून घेतल्या होत्या. बॅगी! सर, शनिवारी कॅनव्हासचे बूट पांढरे करायला मी वर्गातला खडू पळवायचो. आणि सर, आमच्या अख्ख्या रांगेत मिळून बिल्ला एकच होता. तुमची पाठ वळली की तो मागे सरकायचा.”

म्हणायला माफी, ऐकायला पोवाडा. प्रत्येक गुन्ह्यानंतर तो हशासाठी थांबतो. हशा कमी पडला तर तोच गुन्हा पुन्हा कबूल करतो. मग गाडी सरकारवर येते. २०२४-२५ मध्ये राज्यानं ‘एक राज्य, एक गणवेश’ आणला, शिलाई बचत गटांकडे दिली, कुणाला शर्ट आखूड तर कुणाला ढगळ आला, आणि पुढच्या वर्षापासून ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. “म्हणजे बघा सर, ढगळ गणवेशात मी काळाच्या किती पुढं होतो!”

शिस्त मात्र त्याला फार प्रिय. शिक्षण हक्क कायद्यानं २००९ मध्ये शाळेतल्या माराला बंदी घातली, याची हळहळ तो चहाच्या वेळी व्यक्त करतो. स्वतःच्या मुलाच्या डायरीत ‘केस वाढलेत’ एवढाच शेरा आला, तेव्हा हाच मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये तासभर भांडून आला होता. पण ते मनोगतात येत नाही.

ज्याच्याकडे गणवेशाचा एकच जोड होता आणि जो पावसाळ्यात ओला शर्ट घालूनच यायचा, तो कधीच माइककडे जात नाही. रांगेबाहेर खरा जास्त वेळा तोच उभा राहिलेला. तो मागच्या खुर्चीत बसून निवांत भजी खातो.

सर हात वर करतात. “बस रे बाळा. तू कसली माफी मागतोस? तुझा गणवेश कायम नीटनेटका असायचा.”

सभागृह कोसळतं. पश्चात्ताप्याचा चेहरा पडतो. “नाही हो सर! आठवा ना, नववी ब! तुम्ही मला मैदानाला चकरा मारायला लावल्या होत्या!”

“छे, तो दुसरा कुणीतरी. तू मॉनिटर होतास. नावं लिहून आणून द्यायचास.”

“अरे, सांगा की रे कुणीतरी सरांना!”

पण साक्षीदार एव्हाना ताटं घ्यायला उठलेले असतात.